कमवा, शिका आणि लॉगबुक भरा

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला शिक्षण आहे, पूर्वेला काम आहे आणि मधून रूळ गेलेत. पश्चिमेला माणिकपूर. अंबाडी रोडची दुकानं, बँका, दवाखाने, एकेका इमारतीत तीन-तीन कोचिंग क्लास. त्यातच विद्यावर्धिनीचं आवार. भाऊसाहेब वर्तकांनी १९७० साली ही संस्था काढली तेव्हा भोवती भातशेती होती. मग वर्तक महाविद्यालय आलं, पॉलिटेक्निक आलं आणि १९९४ साली इंजिनिअरिंग कॉलेज. वसई गावाकडे निघालात की गोन्सालो गार्सिया कॉलेज. पूर्वेला मात्र गोखिवरे, सातिवली, वालीव, पुढे कामण असा गाळ्यांचा पट्टा. प्लॅस्टिक मोल्डिंग, पॅकेजिंग, सुटे भाग, फर्निचर, खाण्याचे पदार्थ. या गाळ्यांत काय बनत नाही ते विचारा.

स्टेशनवरून शेअर रिक्षाने वालीवला जायला चिडचिड व्हायच्या आधी पोहोचाल एवढाच वेळ लागतो. तरी माणिकपूरचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा इंटर्नशिपसाठी रूळ ओलांडून पूर्वेला जात नाही. तो दक्षिणेला जातो. सकाळच्या विरार लोकलमध्ये वसईला चढणं ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्याबद्दल सांगायची गरज नाही. अंधेरी, लोअर परळ, नाहीतर सरळ बावन्न किलोमीटरवरचं चर्चगेट. तिथे बिनपगारी काम करतो. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याचाच मिळतो. राहायला माणिकपूर, कॉलेजही माणिकपूर, त्यामुळे ती सवलत त्याच्या काही कामाची नाही. अंधेरीचा पूर्ण दराचा पास तो स्वतःच्या खिशातून काढतो. म्हणजे पगार शून्य, आणि कामावर जाण्याचा खर्च वर.

तो हे का करतो याचं उत्तर आहे एक वही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत काही नवे रकाने आणले. त्यातला एक 'ऑन जॉब ट्रेनिंग'. कॉलेजात सगळे त्याला ओजेटी म्हणतात. क्रेडिट चार. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला तीस तास, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा हिशोब. तीस चोक एकशेवीस. पदव्युत्तर वर्गांना ओजेटी आधी लागू झाली. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पदवीला नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून, त्यामुळे त्या वर्षी प्रवेश घेतलेली अख्खी फळी तिसऱ्या वर्षात पोहोचली की एकदमच कामाच्या शोधात निघते. इंजिनिअरिंगची मुलं हे आधीपासून करताहेत. तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात पदवीच्या चार वर्षांत मिळून सहाशे ते सातशे तास धरलेले आहेत.

वहीचं पान साधं असतं. तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, केलेलं काम, काय शिकलो, मेंटरची सही. शेवटी कंपनीचा शिक्का. यातला शिक्का सगळ्यात जड. मी चाळलेल्या अशा वह्यांत 'काय शिकलो' या रकान्यात पहिल्या पानावर चार ओळी असतात, पाचव्या पानापासून एक, आणि पुढे 'टीमवर्क' आणि 'टाइम मॅनेजमेंट' हे दोनच शब्द आलटून पालटून येत राहतात. शाईही बहुधा एकच. एकशेवीस तास एका बैठकीत लिहिले गेल्याचं मास्तरांना कळत नाही असं कुणी समजू नये. एका प्राध्यापकाच्या गळ्यात साठ-सत्तर मुलं, तास घ्यायचे, पेपर तपासायचे, 'नॅक'च्या फायली लावायच्या. ते कुठे कुठे जाऊन बघणार?

जिथे शिक्का हवा असतो तिथे शिक्का विकणारा येतोच. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर इंटर्नशिपच्या जाहिराती पाहा. नोंदणी फी भरा, घरबसल्या चार आठवडे, सर्टिफिकेट पीडीएफमध्ये. काम करणाऱ्यानेच पैसे द्यायचे, हा धंद्याचा प्रकार आपल्याकडे पूर्वी फक्त गंडे-दोरे देणाऱ्यांना साधला होता.

आता गंमत अशी की ही मुलं काम करत नाहीत असं अजिबात नाही. माणिकपुरात एक चक्कर मारा. संध्याकाळी सहा ते साडेआठ पाचवी ते आठवीच्या पोरांना गणित शिकवणारी 'टीचर' बहुतेक वेळा एसवाय किंवा टीवाय बीकॉमची मुलगी असते. मोबाईलच्या दुकानात काच बदलून देणारा, मेडिकलच्या काउंटरवरचा, जिममध्ये फी गोळा करणारा, रात्री जेवण पोहोचवणारा, यातले कितीतरी कॉलेजात नाव असलेले. वसईचा लग्नाचा मोसम आला, विशेषतः नाताळ उरकल्यावर, की गावोगावच्या हॉलमध्ये केटरिंगच्या काळ्या जाकिटात उभी असलेली मुलं नीट बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या घेणारी तीच. निर्मळ-भुईगावकडची काही मुलं पहाटे घरच्या वाडीतली फुलं, पानं, भाजी लावून देतात आणि मग कॉलेज गाठतात.

क्लासवाल्या मुलीचंच बघू. दोन वर्षं ती शिकवतेय. सोळा मुलांची हजेरी, फीचा हिशोब, पालकांशी बोलणं, एका रडक्या मुलाला अपूर्णांक गळी उतरवणं. हे सगळं ती पैसे घेऊन करते आणि त्या पैशातून स्वतःची परीक्षा फी भरते. एकशेवीस तास तर तिचे अडीच महिन्यांच्या आतच होतात. पण क्लास चालवणाऱ्या मॅडमकडे लेटरहेड नाही, जीएसटी क्रमांक नाही आणि शिकवणं हे मुलीच्या 'मेजर'शी, म्हणजे मुख्य विषयाशी, जुळत नाही. म्हणून हे काम धरलं जात नाही. तिने क्लासला महिनाभर सुट्टी टाकायची, पगार बुडवायचा आणि कुठल्याशा कार्यालयात जाऊन एक्सेलमध्ये नावं भरायची. ते मात्र शिक्षण.

मला या सगळ्या प्रकरणात खटकतं ते एवढंच. मूल जे काम खरोखर करतं ते कॉलेजला दिसत नाही, आणि कॉलेजला जे दिसतं ते बऱ्याचदा झालेलं नसतं.

हे महाराष्ट्रात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण काम आणि शिक्षण एका दावणीला बांधायची कल्पना आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मुलं स्वतः दळत, रांधत, शेतात राबत, इमारतीचे दगड वाहत. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज हीदेखील याच तत्त्वावर उभी राहिली. ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण'. भाऊराव स्वतः एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचसामानाचे फिरते विक्रेते होते. माल खपवायला गावोगाव हिंडलेल्या माणसाला कामाची लाज कशी वाटणार? त्यांच्या बोर्डिंगात राबून शिकलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

भाऊरावांच्या योजनेतला एक बारकावा नंतरच्या नकलांमध्ये हरवला. तिथे काम हे शिक्षणाची किंमत चुकवण्यासाठी होतं. मूल राबलं की त्याचं जेवण, राहणं, फी भागत असे. कामातून शिकायला मिळे ते वरकड. आज बहुतेक विद्यापीठांत 'कमवा व शिका' ही योजना आहे, पुणे विद्यापीठात तर ती विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यातली. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी, बागकाम, तासाला ठरलेले पैसे. रक्कम तुटपुंजी असते हे खरं, पण गावाकडून आलेल्या मुलाची मेस त्यावर निघते. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती याच वाटेवरची. ओजेटी ही याच्या नेमकी उलट आहे. तिथे काम हाच विषय, आणि कामाचे पैसे मिळणं योगायोग.

मुंबईचं उदाहरण आणखी वेगळं. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. कारण उघड होतं. दहा-साडेदहाला ज्याला कचेरीत हजर व्हायचंय त्या कारकुनाने, टपालखात्यातल्या मुलाने शिकायचं कधी? कॉलेजने नोकरी करणाऱ्याच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घेतलं. शहरातल्या रात्रशाळा आणि सकाळची लॉ कॉलेजं यांनीही तेच केलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्यातून वकील झाली, अधिकारी झाली. आजचं कॉलेज पंचाहत्तर टक्के हजेरी मागतं आणि शिवाय काम दाखवायला सांगतं. घड्याळ जुळवायचं मुलाने.

सरकारी योजनांचं काय, असा प्रश्न येतोच. २०२४ साली दोन मोठ्या योजना आल्या. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. बातम्यांनी तिला 'लाडका भाऊ' करून टाकलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण पुढे अकरा महिन्यांवर गेलं आणि मग या प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून आंदोलनं केली. दुसरी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना, सुरू झाली तेव्हा: देशातल्या आघाडीच्या पाचशे कंपन्या, एकवीस ते चोवीस वयाची मुलं, महिना पाच हजार, त्यातले साडेचार सरकारचे आणि पाचशे कंपनीचे. दोन्ही योजनांची मूळ अट बघा. ज्याचं नियमित शिक्षण चालू आहे त्याला प्रवेश नाही. थोडक्यात, कॉलेजातल्या मुलाला कामाची सक्ती आहे पण या पैशाची दारं बंद. पैसा आहे तो शिक्षण संपवून घरी बसलेल्यांसाठी. त्यांनाही हवाच आहे, पण आपला टीवायचा मुलगा त्यात कुठेच बसत नाही.

राहिला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. जुना असला तरी मला यातला हाच दस्तऐवज सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात करार आहे, किमान विद्यावेतन आहे आणि कामावर इजा झाली तर भरपाई कुणी द्यायची हेही लिहिलेलं आहे. उमेदवार हा कामगार नव्हे, असंही तो कायदा स्वच्छ सांगतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचं किमान विद्यावेतन नऊ हजार आणि पदविकाधारकाचं आठ हजार केलं. शिकाऊ उमेदवारांच्या राष्ट्रीय योजनेत नोंद केली तर किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार परत करतं. पश्चिम विभागाचं तिचं कार्यालय आपल्या सायनलाच आहे. २०२५ मध्ये ही रक्कम छत्तीस टक्क्यांनी वाढवायची शिफारसही झाली.

पण त्याच नियमांत एक आकडा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर मर्जी. आता वालीवच्या गाळ्यांत डोकी मोजा. मालक, त्याचा भाऊ, एक सुपरवायझर, आठ-दहा कारागीर, एक टेम्पोवाला, आणि अकाउंट्सला अर्धा दिवस येणारा माणूस. वसईच्या पूर्वेचं बरंचसं उद्योगजग हे असं, कायद्याच्या 'मर्जी'च्या खणात. मोठ्या कंपन्यांसाठी आखलेली योजना इथे टेम्पोसारखी गल्लीच्या तोंडाशीच अडकते.

गाळेवाल्यांना विचारा, त्यांची उत्तरं ठरलेली आहेत आणि ती खोटी नाहीत. महिन्याभरात मुलगा काय शिकणार? शिकेपर्यंत जाणार. प्रेस मशिनपाशी उभा केला आणि बोट गेलं तर पोलीस ठाण्यात मी जायचं की प्राचार्यांनी? मुलगी असेल तर तिला संध्याकाळी सहानंतर इथून रिक्षा मिळत नाही, आई-वडिलांना काय सांगू? शेवटचा, मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा तर खराच. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकायला समिती नसते. कायद्याने प्रशिक्षणार्थी मुलगीही संरक्षणात येते, पण त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. म्हणजे पालघर. कॉलेजने मुलींना पूर्वेला पाठवताना हा पत्ता हातात दिला पाहिजे. ओजेटीच्या माहितीपत्रकात सहसा 'फॉर्मल पोशाख घालावा' एवढंच असतं.

तरीही मी म्हणेन की शिकायचं असेल तर अंधेरीच्या काचेच्या इमारतीपेक्षा हा गाळा बरा. मोठ्या कंपनीत इंटर्नला एक कोपरा, एक लॉगिन आणि एक फाईल मिळते. गाळ्यात अख्खा धंदा चार भिंतींत समोर असतो. सातिवलीत डिस्पॅचला बसलेला बीकॉमचा एक मुलगा बघितला. टेबलावर चलनबुक, वजनकाट्याची चिठ्ठी, टॅली उघडलेला जुना कॉम्प्युटर. दाराशी टेम्पो लागलेला, ड्रायव्हर घाई करतोय. माल राज्यातच भिवंडीला जाणार, किंमत ऐंशी हजार. मुलगा ई-वे बिल काढायला बसला तेव्हा सुपरवायझरने मान हलवली. राज्यांतर्गत लाखाच्या आत असेल तर नको, वापीला जात असतं तर पन्नास हजारांवरच लागलं असतं. मुलाने मागच्या सेमिस्टरला या विषयावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं म्हणे. मर्यादा त्याला तेव्हाही पाठ होत्या. कुठला आकडा कधी लावायचा ते टेम्पोवाल्याच्या हॉर्नने शिकवलं.

वाणिज्य शाखेत हे शहाणपण एका ठिकाणी मुरलेलं आहे, आणि ते म्हणजे सीएची आर्टिकलशिप. पूर्वी तीन वर्षं, २०२३ च्या नव्या योजनेनंतर दोन. विद्यावेतनाची किमान रक्कम सीएंच्या संस्थेने शहराच्या लोकसंख्येनुसार ठरवून दिलेली. अंबाडी रोडवरच्या एखाद्या सीएच्या कार्यालयात महिन्याच्या अकरा तारखेच्या किंवा वीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी जा, जीएसटीची विवरणपत्रं भरायचे ते दिवस. आर्टिकलवाली मुलं जेवायचं विसरलेली असतात. त्यांना राबवून घेतात अशी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण तिथे मुलाला नाव असतं, मुदत असते, पैसे असतात आणि चूक केली तर बोलणारं माणूस शेजारच्या खुर्चीत असतं. आणि काम खरं असतं. चुकलं तर कुणा व्यापाऱ्याला दंड बसतो.

याच कार्यालयांची एक अडचण कॉलेजांनी कधी ऐकून घेतलेली नाही. करसल्लागारांना जास्तीचे हात हवेत मे ते जुलै आणि पुन्हा लेखापरीक्षणाच्या सप्टेंबरात. कॉलेज मुलं मोकळी करतं ते प्राध्यापकांच्या वेळापत्रकाला सोयीचं असेल तेव्हा. फुलवाल्याला गणपतीत आणि लग्नात माणसं हवीत, केटररला डिसेंबर-जानेवारीत, पॅकेजिंगवाल्याला दिवाळीच्या आधीचे दोन महिने. एकशेवीस तास हे सलग तीस दिवस चार-चार तास असेच भरले पाहिजेत असं कुणी सांगितलंय? शनिवार-रविवार मिळून वर्षभरात भरता येतील. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या मास्तराने १९०६ साली नेमका हाच घोळ सोडवला. मुलांच्या दोन तुकड्या केल्या, एक कारखान्यात तर एक वर्गात, आणि ठरावीक काळाने अदलाबदल. मालकाला बारमाही माणूस मिळाला, मुलाला पगार. तिकडे शिकायला गेलेली आपली मराठी मुलं व्हिसाच्या नियमानुसार सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत विद्यापीठातच काम करतात, भोजनगृहात भांडी विसळतात, ग्रंथालयात बसतात. इथे माणिकपुरात नातेवाइकांना ते कौतुकाने सांगितलं जातं. इथल्या इथे केटरिंगला जाणाऱ्या मुलाबद्दल मात्र घरचे कुणाला सांगत नाहीत.

वसईला स्वतःच्या पैशाने संस्था उभारायची सवय आहे. मोन्सिन्योर मोनिस यांनी १९१८ साली काढलेली बॅसीन कॅथलिक बँक अजून उभी आहे. सहकारी पतपेढ्या, शेतकरी संस्था यांना दरवर्षी हिशोबाला, वसुलीच्या नोंदींना, संगणकावर जुन्या वह्या चढवायला माणसं लागतात. गाळेवाल्यांच्या संघटना आहेत. या सगळ्यांनी आणि स्टेशनजवळच्या कॉलेजांनी एका टेबलाशी बसायला मंत्रालयाच्या शासननिर्णयाची वाट बघायची गरज नाही. एकट्या गाळ्याला उमेदवार परवडत नसेल तर पाच गाळ्यांनी मिळून एक ठेवावा, दोन-दोन आठवडे फिरवावा. मोल्डिंगवाल्याकडे माल, पॅकेजिंगवाल्याकडे खोका, ट्रान्सपोर्टवाल्याकडे चलन. विम्याचा हप्ता कॉलेजने भरावा, ती रक्कम मुलाच्या फीच्या पावतीत आजही कुठल्यातरी शीर्षकाखाली असतेच. जो आधीच कुठे काम करतोय त्याच्याकडे प्राध्यापकाने एकदा जाऊन बघावं आणि तेच काम धरावं. ते 'मेजर'शी जुळतं का हे विचारण्याआधी त्याने तिथे काय काय सांभाळलं ते विचारावं.

आणि पैसे खात्यात जमा व्हावेत. रोखीने दिलेल्या दोन हजारांचा पुरावा नसतो, पासबुकातल्या दोन हजारांचा असतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत अनुभव विचारला की शिक्क्याच्या कागदापेक्षा ती नोंद जास्त बोलते.

क्लासवाल्या मॅडमनी आता लेटरहेड छापून घेतलंय. पन्नास प्रती, अंबाडी रोडवरच्याच झेरॉक्सवाल्याकडून. तिसऱ्या वर्षाच्या आणखी दोन मुली त्यांच्याकडे शिकवतात, त्यांनाही लागणार म्हणून. कॉलेजने पहिल्या मुलीचं पत्र ठेवून घेतलं आहे आणि विभागप्रमुखांच्या बैठकीत विषय मांडू असं सांगितलं आहे. बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तोवर ती सहा ते साडेआठ अपूर्णांकच शिकवते आहे.